एकच लॉगिन

बोरा बाजारच्या गल्लीत, जिन्याखालच्या गाळ्यात
एक मशीन, दोन पाळ्या.
दिवसा मी : भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नावातल्या बदलाचे अर्ज.
रात्री डाबरे : हायकोर्टाच्या पेपरबुकांचे गठ्ठे,
पानांना आकडे, समासांना शिस्त.
वोरा शेठनी लॉगिन एकच दिलं.
“दोन कशाला? खुर्ची एकच आहे ना?”

पहिल्या सोमवारी पासवर्ड टाकला
आणि समोर काहीच आलं नाही.
करडा पडदा. ना फोल्डर, ना घड्याळ, ना खालची पट्टी.
मला वाटलं, गेलं.
बाहेर स्टॅम्पपेपर घेऊन एक आजोबा ताटकळलेले
आणि मी मॉनिटरला थापट्या मारतेय,
आई रेडिओला मारायची तशा.

शेवटी शेठचा भाचा आला, हसला,
बाहेर पडून बोट ठेवलं त्यानं
नावाशेजारच्या दातेरी चाकावर.
केवढंसं! मसुरीच्या दाण्याएवढं.
दाबलं की यादी :
प्लाझ्मा, मेट, ओपनबॉक्स.
रक्ताच्या रिपोर्टात खपतील अशी नावं.
कुठलं दार उघडायचं ते आधी सांगायचं,
किल्ली मग.
नाही सांगितलं तर कालचंच उघडतं,
मशीनला शेवटचा माणूस तेवढा आठवतो.

मी मेट घेतलं. वर मेनू, डावीकडे फोल्डरं,
मागे भाचीच्या बारशाचा फोटो.
आणि रोज सकाळी पुन्हा तीच करडी पाटी,
रोज चाक, रोज मेट.
महिनाभर मी चिडून होते अशा माणसावर
ज्याला पाहिलंही नव्हतं.
तो सहाला जायचा, मी नऊला यायचे,
मधले तीन तास शटर.
माहिती एवढीच : वसईकडचा, गिरीजचा,
आणि एन्टरच्या बटणावर
सुकेळीचा चिकटा.

मग एका गुरुवारी
गिऱ्हाईक घाईत, मी चाक विसरले,
आणि मेट उघडलं.
टकुच्यातली भाची समोर.
योगायोग, म्हटलं.
शुक्रवारी पुन्हा. शनिवारी पुन्हा.

म्हणजे पहाटे,
चारशे पानं डोळ्यांत उतरलेली असताना
हा माणूस स्वतःच्यातून बाहेर पडतो,
चाक दाबतो, माझं निवडतो,
पासवर्ड टाकतो,
ते सगळं उघडेपर्यंत थांबतो
(जुनं मशीन, दोन मिनिटं सहज)
आणि काही न हलवता पुन्हा बाहेर पडतो.

संध्याकाळी मीही तसंच केलं.
त्याचा करडा पडदा उघडून जरा बसले.
उजवं बटण दाबलं की मेनू येतो,
हे त्या दिवशी कळलं.
बाकी तिथं काही नव्हतं,
आणि बिघडलेलंही काही नव्हतं.

चिठ्ठी कधी लिहिली नाही.
दिवसभर दुसऱ्यांचंच लिहून हात भरून यायचे.
एकदा आईला ताप म्हणून तशीच निघाले,
त्याचं लावायचं राहिलं.
सकाळी मेटच होतं,
रात्री काय म्हणाला असेल कुणास ठाऊक.

दोन वर्षांनी, मार्चमध्ये शेठ म्हणाले,
डाबरे गेला, गावी बहिणीची केळीची वाडी बघायला.
त्यानंतर रोज मेटच उघडायचं.
चाकाला हात लावायचं कारण उरलं नाही.
संध्याकाळी तरी दोनदा
त्याचं लावून निघाले,
आणि सकाळी स्वतःलाच शिव्या घातल्या.

जूनमध्ये तौफिक मुकादम आला.
काम दाखवायला सातपर्यंत थांबले.
“ताई, हे असंच दिसतं का?”
मी चाकावर बोट ठेवलं.
“तुला सोसेल ते निवड.”
यादीवर तो बराच वेळ घुटमळला.
मी पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या,
पायरीवरून मागे वळले :
“आणि हे बघ,
जाताना माझं लावून जा.”